रस्ता पहाटे खुला करायचा: क्यूब, मॅच्युरिटी की हॅमर?

रात्री अकराला रस्त्याच्या दुरुस्तीचा काँक्रीटचा पॅच भरला, पहाटे पाचला गाड्या सोडायच्या आहेत. अशा वेळी २८ दिवसांनी मोजलेल्या ताकदीच्या नेहमीच्या आकड्याचा उपयोग नाही. पहिल्या तीन-चार तासांत ताकद किती आली, एवढेच ठरवायचे असते.

क्यूब सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच काँक्रीटचा १५० मिमीचा ठोकळा प्रत्यक्ष फोडून पाहतो, म्हणून आकड्यावर विश्वास बसतो. पण क्यूब म्हणजे रस्ता नव्हे. जलद घट्ट होणारे सिमेंट सुरुवातीलाच भरपूर उष्णता सोडते. जाड स्लॅब ती धरून ठेवतो, लोखंडी साच्यातला क्यूब लवकर निवतो. समजा, स्लॅब ४५ अंशांवर आणि क्यूब ३० वर आहे. शून्य अंश आधार धरून तापमान गुणिले वेळ केले, तर स्लॅब तीन तासांत १३५ अंश-तास गाठतो, क्यूबला साडेचार तास लागतात. रस्ता दीड तास उगाच बंद. पातळ पॅचमध्ये उलटही घडते: खालचे जुने, थंड काँक्रीट उष्णता ओढून घेते आणि उबदार खोलीत ठेवलेला क्यूब खोटा धीर देतो. मला याचीच जास्त भीती वाटते.

मॅच्युरिटी पद्धतीत सेन्सर पॅचमध्येच पुरतात आणि हाच हिशोब तिथल्या खऱ्या तापमानावर चालतो. त्याआधी त्याच मिश्रणाचे नमुने दर तासाला फोडून अंश-तास आणि ताकद यांचा आलेख तयार करावा लागतो. जमल्यास हा आलेख बीमवर, म्हणजे वाकवून तोडायच्या लांबट नमुन्यावर करा, कारण स्लॅब वाकून तडकतो. कॅलिफोर्नियाचे महामार्ग खातेही असे स्लॅब खुले करण्याआधी वाकण्याचीच ताकद मागते, ४०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), म्हणजे सुमारे २.८ मेगापास्कल. या पद्धतीची एक उणीव मात्र गंभीर आहे: सेन्सरला फक्त तापमान कळते. कुणी मिक्सरमध्ये जादा पाणी ओतले, तर ते त्याला दिसत नाही. सिमेंट किंवा रिटार्डरचा (घट्ट होणे लांबवणाऱ्या रसायनाचा) डोस बदलला, तर जुना आलेख बाद.

रिबाउंड हॅमर पृष्ठभागावर आपटून उसळीवरून ताकद सांगतो; त्यावर निर्णय घेऊ नका. अंदाज ±२५ टक्के चुकू शकतो, असे आयएस १३३११ या भारतीय मानकातच म्हटले होते. कुठला कोपरा कच्चा आहे हे शोधायला तो ठीक.

वर्षाला दोन-चार पॅच असतील, तर आलेखाचा खटाटोप परवडत नाही. क्यूब पॅचशेजारीच ठेवा आणि साइटवर दाबयंत्र आणा, कारण टेम्पोत हादरे खाल्लेला चार तासांचा क्यूब काहीच सांगत नाही. रोज रात्री काम असेल, तर मॅच्युरिटी घ्या, जोडीला पाण्यावर पहारा म्हणून तीन क्यूब. सेन्सर सर्वांत शेवटी भरलेल्या, सर्वांत थंड कोपऱ्यात लावा. रस्ता कधी खुला करायचा, ते तोच कोपरा ठरवतो.