अकरा महिने, चौदा हजार किलोमीटर आणि एक सेंटिमीटर आखूड पलंग

मोठी व्हॅन चालवायला जड जाते का, हे मला जो भेटेल तो विचारतो. नाही जात. माझी उंची पाच फूट दोन इंच, आधी फक्त छोटी हॅचबॅक चालवलेली, तरी चौथ्या-पाचव्या दिवशी हात बसला. स्टिअरिंग हलकं आहे, सीट उंच असल्यामुळे पुढच्या तीन गाड्यांपलीकडचा रस्ता दिसतो, आणि डिझेल इंजिन कमी वेगातही कुरकुर न करता ओढतं. जड जातं ते वेगळंच. ही वस्तू एकाच वेळी गाडीही आहे आणि घरही. आणि घराला जे हवं ते नेमकं गाडीला नको असतं. अकरा महिने झाले, आम्ही नवरा-बायको गाडी आणि घर ह्यांचं भांडण सोडवतोय.

गाडी सहा मीटर लांब, उंच टपाची, पुढच्या चाकांना ताकद देणारी. मुळात सामान वाहणारी व्हॅन. आतलं सुतारकाम, पाणी आणि वीज एका कारागिराकडून करून घेतली. सुतारकाम सुरेख आहे. तक्रार वजनाची आहे, आणि ती जरा सविस्तर सांगते, कारण गाडी घेताना हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

ह्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची भारासकट मर्यादा ३,५०० किलो असते. आकडा मोठा वाटतो. पण रिकामी व्हॅनच दोन टनांच्या आसपास भरते, त्यावर प्लायवूड, पलंग, फ्रिज, बॅटऱ्या, टाक्या. पहिल्या लांबच्या प्रवासाआधी वजनकाट्यावर नेली, आम्ही दोघं आत, पाण्याची शंभर लिटरची टाकी अर्धी भरलेली: ३,४०० किलो. शंभर किलो शिल्लक म्हणून नवरा खूश झाला. मग काट्यावरच्या माणसाने पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी चढवायला लावली. पुढे १,४४०, मागे १,९६०. मागच्या आसाची, म्हणजे मागच्या चाकांच्या जोडीची, मर्यादा २,०००.

गोम अशी की कारागिराने टाकी मागच्या चाकांच्याही मागे, अगदी दारापाशी बसवली होती. तिथे ठेवलेलं वजन तरफेसारखं वागतं. उरलेलं पन्नास लिटर पाणी भरलं की मागच्या आसावर पन्नास नाही, साठेक किलो चढतात आणि पुढची चाकं दहा किलोंनी हलकी होतात. म्हणजे एकूण वजन कायद्यात, पण मागचा आस मर्यादेबाहेर! आणि आमची तर ओढणारी चाकं पुढची. त्याचा हिशोब दुसऱ्या महिन्यात ओल्या गवतावर चुकता झाला. किंचित चढ होता, टाकी भरलेली होती, पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि गवताचा चिखल झाला. शेवटी टाकी तिथेच रिकामी केली, दोन्ही चाकांखाली आतली पायपुसणी घातली आणि उलट्या गिअरमध्ये उताराकडे निघालो. पायपुसणी गेली.

नंतर टाकी सरकवून बाकाखाली, मागच्या चाकांच्या पुढे घेतली. दोन दिवसांचं काम आणि दुप्पट खर्च, पण गाडीची चाल इतकी बदलली की मला वाटलं कोणी स्टिअरिंग दुरुस्त केलंय. आतलं काम करून घेणार असाल तर रंग आणि पडदे नंतर ठरवा. आधी कागदावर आस काढून जड वस्तू त्या दोन रेघांच्या मध्ये मांडा.

टायरमधल्या हवेचंही तसंच. हॅचबॅकमध्ये सव्वादोन बारची (बार हे हवेच्या दाबाचं माप) सवय, इथे दाराच्या चौकटीवरची पट्टी मागच्या चाकांना साडेचार बार सांगते. पेट्रोल पंपावरचं प्रत्येक यंत्र तिथवर पोचत नाही. आम्ही पायाने मारायचा पंप ठेवलाय. घाम निघतो, पण मापक विश्वासाचा आहे.

आता वारा. बाजूने पाहिलं तर गाडी म्हणजे बारा-तेरा चौरस मीटरची सपाट भिंत. आत ताठ उभं राहता यावं म्हणून उंच टप घेतलं, त्याची किंमत मोकळ्या पुलावर मोजावी लागते. मोठा ट्रक शेजारून पुढे जाताना गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग त्याच्याकडे ओढली जाते. पहिल्यांदा मी घाबरून स्टिअरिंग उलट फिरवलं, तेच चुकलं. आता ट्रक आरशात दिसला की वेग थोडा उतरवते, हात सैल पण तयार ठेवते आणि गाडीला जरा डुलू देते. टेकडीची आडोशाची बाजू संपून मोकळं लागतं तिथे जास्त सांभाळावं लागतं.

डिझेलचा हिशोबही वाऱ्याशीच बांधलेला आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट. आमच्या वहीत ८० च्या आसपास लिटरला साडेअकरा किलोमीटर पडतात, ११० ला साडेआठ. आता मी नव्वदच्या वर जातच नाही. मागच्याला चीड येते, येऊ दे.

वळणं आठवड्यात जमली. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये चार मीटर अंतर आहे, त्यामुळे मागचं चाक कोपरा कापतं. वळणात जरा खोल शिरून मग स्टिअरिंग फिरवायचं. शेपटीचं मात्र आधी लक्षातच आलं नाही. मागच्या चाकांमागे मीटरभर गाडी आहे, आणि डावीकडे वळलं की ती शेपटी उजवीकडे झुलते. भिंतीलगत लावलेली गाडी काढताना मी पूर्ण स्टिअरिंग मारलं आणि कोपरा घासला. पुढे सगळं मोकळं होतं, आवाज मागून आला. आरशाखालचा छोटा फुगीर आरसा ह्यासाठीच असतो. तो खाली झुकवून मागचं चाक दिसेल असा लावा. रिव्हर्सचा कॅमेरा आहे, पण त्याला शेजारची फांदी किंवा वरचा छज्जा दिसत नाही. नवरा खाली उतरून उभा राहतो. आमचा एकच नियम आहे: तो मला आरशात दिसेनासा झाला की मी थांबते.

उंची कागदावर २.५२ मीटर. टपावरचा पंखा आणि सोलर पॅनेल धरून टेप लावली तर २.६६ भरली. हा आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवलाय. तळघरातले वाहनतळ विसरायचे, आणि काही मोकळ्या तळांच्या तोंडाशीही आडवी दांडी असते.

घर म्हणून सांगायचं तर पलंगापासून. कॅम्पर, म्हणजे असं फिरतं घर, बांधणारे फियाटची डुकाटो व्हॅन का पसंत करतात ते आडवं पडल्यावर कळतं: भिंती बऱ्यापैकी सरळ आणि आत रुंदी, म्हणून पलंग आडवा बसतो आणि लांबी वाचते. मर्सिडीजची स्प्रिंटर आतून अरुंद, तिथे भिंतीला फुगवटे काढतात किंवा पलंग उभा घालतात. आमच्याकडेही पलंग आडवा आहे, पण अस्तर आणि लाकडी पट्ट्या लागल्यावर रुंदी उरली १.८२ मीटर. नवरा १.८३. अकरा महिने तो तिरका झोपतोय आणि मी उरलेल्या त्रिकोणात. अस्तर लावण्याआधी माप घेतलं होतं, हे तो आता कोणापुढे बोलत नाही.

थंडीत दमटपणा हा खरा शत्रू. दोन माणसं रात्रभर नुसता श्वास घेतात तरी सकाळी काचांना घाम फुटलेला असतो आणि गादीची खालची बाजू ओलसर. खिडकी गच्च बंद करून हीटर वाढवला तर उलट जास्त. टपावरचा पंखा अगदी मंद चालू, दुसरीकडे एक फट उघडी आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळी, ह्याने फरक पडला. दोन किलोवॉटचा डिझेल हीटर मंद आचेवर तासाला जेमतेम १०० मिलिलिटर पितो, पण सतत मंदच ठेवला की काजळी धरतो. अधूनमधून अर्धा तास पूर्ण आचेवर चालवावा लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाशी लावलाय, त्यात कंजुषी केली नाही.

विजेचं थोडक्यात: २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे अडीच युनिटच्या वर, फ्रिज आणि दिव्यांना भरपूर. शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करू नये, म्हणून बाहेर न ठेवता आत बाकाखाली आहे. हिवाळ्यात टपावरचं आडवं पॅनेल शोभेचं. तेव्हा चार्जिंग होतं ते गाडी चालवताना, इंजिनावरून.

खडखडाट! कप, चमचे, फळीची कडी, सगळं बोलतं. एकेक आवाज शोधून टॉवेल कोंबत गेलो, तरी डाव्या बाजूचा एक अजून सापडलेला नाही. सरकतं दार मात्र कशानेच ऐकत नाही. रात्री एकजण उठला की आसपासच्या सगळ्यांना कळतं. सासूबाई चार दिवस आल्या तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सुचवल्या: चढायला रुंद पायरी आणि त्या दाराला लगाम. पायरी झाली. दाराचं काम राहिलंय.

छोटी हॅचबॅक विकायची ठरवून जाहिरातही दिली होती. तिसऱ्या आठवड्यात काढून घेतली. भाजी आणायला सहा मीटर लांबीचं घर घेऊन जाणं मला अजून जमत नाही.