व्हीएमच्या डिस्कला लगाम: केव्हीएमवरचे आठ महिने

केव्हीएम म्हणजे लिनक्सवर व्हीएम (आभासी संगणक) चालवायची सोय. माझ्या एका होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, पाच व्हीएम; खाली ७२०० आरपीएमच्या दोन डिस्कची मिरर जोडी (दोन्हींवर तोच डेटा). रात्री बॅकअपची व्हीएम कामाला लागली की डेटाबेसची व्हीएम मान टाकायची. म्हणून लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या साधनातली डिस्कची मर्यादा वापरायला घेतली. त्याला आता आठ महिने झाले.

पहिल्याच रात्री फसलो. बॅकअपला सेकंदाला २० एमबीची मर्यादा घातली आणि निवांत झोपलो. सकाळी डेटाबेसचं रडगाणं तसंच. मग कागदावर हिशेब मांडला. बॅकअप लाखो बारीक फायली वाचतो. ४ केबीची एक विनंती धरली, तर २० एमबीत सेकंदाला ५,१२० विनंत्या बसतात. फिरणारी डिस्क इकडेतिकडे विखुरलेल्या जेमतेम शंभरेक उरकते. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा! तेव्हापासून अशा डिस्कवर मी एमबी बघतच नाही, आयओपीएस (सेकंदाला किती विनंत्या) बघतो.

आता बॅकअपला ४० आयओपीएस, आणि ३० सेकंदांपुरती १५० पर्यंत उसळी घ्यायची मुभा. ही उसळीची सोय मला सगळ्यात आवडली. लॉगिन, एखादी सर्व्हिस रीस्टार्ट, असली छोटी कामं अडकत नाहीत. लांबलेलं काम मात्र आपोआप ४० वर येतं. फार आवळू नका. चाचणीच्या व्हीएमला रागारागाने १० दिले होते, तर आतल्या लिनक्सच्या लॉगमध्ये 'प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त अडकली' अशा इशाऱ्यांची रांग लागली.

आकडे चालू व्हीएमवर लगेच लागू होतात, बंद करावी लागत नाही. पण कमांडला 'कॉन्फिग'चा पर्याय जोडला नाही, तर व्हीएम बंद करून परत चालू केली की सगळं पुसलं जातं. कर्नल अपडेटनंतर होस्ट रीबूट केला आणि हे त्या रात्री कळलं.

आणखी एक गैरसमज. थ्रॉटल ग्रुपला (एकत्र मर्यादा लावलेल्या डिस्कच्या गटाला) एकच नाव दिलं की दोन व्हीएम मिळून एक कोटा वाटून घेतील, असं मी धरून चाललो होतो. तसं होत नाही. तो ग्रुप एकाच क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसच्या आतला, म्हणजे एकाच व्हीएमच्या दोन-तीन डिस्कमध्ये वाटणी करणारा.

व्हीएम-व्हीएममधली वाटणी हवी तर सीग्रुपचं (लिनक्स कर्नलमधल्या साधनवाटपाच्या सोयीचं) वेट, म्हणजे कुणाला किती वाटा याचा आकडा. मर्यादेत एक खोट असते: डिस्क रिकामी असली तरी बॅकअप ४० वरच रांगतो. वेटमध्ये ओढाताण झाली तरच वाटे पडतात. डेटाबेसला ८००, बाकीच्यांना १०० दिले. काडीचा फरक नाही. दोन संध्याकाळी घालवल्यावर दिसलं की डिस्कचा शेड्युलर (विनंत्यांचा क्रम ठरवणारा) एमक्यू-डेडलाइन होता, आणि तो हे वेट जुमानतच नाही. बीएफक्यू हा दुसरा शेड्युलर लावला आणि आयोस्टॅट या कमांडमधला डेटाबेसचा अवेट (विनंतीला लागणारा सरासरी वेळ) त्याच रात्री उतरला. वेगवान एनव्हीएमई एसएसडी असेल तर बीएफक्यूचा सीपीयूवरचा भार जाणवतो, तिथे मी मर्यादेवरच भागवतो.

व्हीएमच्या डिस्कची कॅशे 'नन' ठेवा, म्हणजे होस्टच्या मेमरीत न साठवता थेट डिस्कवर. 'राइटबॅक'मध्ये लिहिलेलं होस्टच्या मेमरीत साचतं आणि नंतर एकदम डिस्कवर कोसळतं. क्यूईएमयूची मर्यादा तेव्हा बघत बसते.

वेळेनुसार मर्यादा बदलायची सोय लिबव्हर्टमध्ये नाही, ही तक्रार राहिली. सध्या क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) मधल्या दोन ओळींवर चाललंय: रात्री २ ला बॅकअपचा लगाम सैल, पहाटे ६ ला पुन्हा ४० वर.