ओटीवरचाच एलईडी बल्ब सारखा का उडत होता : १४ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी गावच्या घरातले, देवघरातला सोडून, सगळे जुने दिवे काढून ७ एलईडी बल्ब लावले. सहा ९ वॅटचे आणि ओटीवर एक १२ वॅटचा. कोकणातलं घर, त्यामुळे व्होल्टेज वरखाली होणं रोजचंच. आज १४ महिने झाले. सहा बल्ब पहिल्या दिवसासारखे चालू आहेत. ओटीवरचा मात्र दोनदा उडाला. त्या दोन बल्बांनी मला जे शिकवलं ते सविस्तर लिहितो, कारण खोक्यावर ते सहसा लिहिलेलं नसतं.

आधी बिलाचं. पडवीत ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ६ तास जळायचा, म्हणजे महिन्याला जवळजवळ ११ युनिट. आता ९ वॅटचा लागतो, महिन्याला दीड युनिटच्या थोडं वर. उजेड कमी नाही, उलट थोडा जास्तच. जुन्या बल्बमध्ये तार साधारण अडीच हजार अंशांपर्यंत तापून लाल-पिवळी व्हायची. विजेचा मोठा भाग उष्णतेत जायचा, उजेडाच्या वाट्याला जेमतेम ५ टक्के यायचे. एलईडीत तापवायला तारच नाही. चिपमध्ये इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर उतरतो आणि उरलेली ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर पडते. हा मूळ प्रकाश निळा असतो, चिपवरच्या पिवळ्या फॉस्फरच्या थरातून आला की पांढरा दिसतो. हा निळा एलईडी जमायलाच फार वर्षं लागली. त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना मिळालं.

आता ओटीवरचा. तिथे छताला काचेचा बंद गोळा आहे, वडिलांनी हौसेने बसवलेला. बल्ब त्याच्या आत. जूनमध्ये पहिला गेला, दुकानदाराने वॉरंटीत लगेच बदलून दिला. दुसरा गणपतीच्या तोंडावर गेला, घरात पाहुणे असताना. मी स्टुलावर चढून काढायला गेलो आणि खालून आई म्हणाली, "जपून हो, मघाशी मी हात लावला तर चटका बसला. एलईडी गरम होत नाही म्हणतात ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. एलईडी उष्णता पुढे फेकत नाही, म्हणून उजेडाखाली हात धरला तर गार वाटतं. पण उष्णता होतेच, ती मागे बल्बच्या मानेकडे जाते. तिथे आत ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यातून ती बाहेरच्या हवेला मिळायला हवी. बंद गोळ्यात हवा हलतच नाही. बल्ब स्वतःच्याच उष्णतेत शिजत राहतो.

हा दुसरा बल्ब मी उघडून पाहिला. पांढरी टोपी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली. आत गोल पट्टीवर बारीक पिवळे चौकोन, म्हणजे एलईडीच्या चिपा, त्यातल्या एकावर तिळाएवढा काळा डाग. हे चौकोन एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक तुटला की सगळी माळ विझते. पण खरं दुखणं खाली निघालं. ड्रायव्हरच्या, म्हणजे घरची वीज चिपला चालेल अशी करून देणाऱ्या सर्किटवर बोटाच्या पेराएवढा कॅपॅसिटर (वीज साठवून प्रवाह सारखा ठेवणारा डबा) होता, त्याचं डोकं फुगून वर आलं होतं. आतलं द्रव उष्णतेने सुकत जातं. तापमान १० अंशांनी वाढलं की याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे.

म्हणून खोक्यावर लिहिलेल्या २५,००० तासांच्या आयुष्यावर विसंबू नका. रोज ६ तास धरले तर ते ११ वर्षांहून जास्त होतात. तो आकडा मुख्यतः चिपचा, उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा. ड्रायव्हर त्याआधी जाऊ शकतो. मी आता वॉरंटी किती वर्षं आणि सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक झटक्यापासून संरक्षण) किती केव्ही, म्हणजे किती हजार व्होल्टपर्यंत, एवढं आधी वाचतो. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की आम्ही मेन स्विच पाडतो. या वैशाखात चार वेळा पाडला, एकही बल्ब गेला नाही.

देवघरातला बल्ब घरात सर्वात जुना, सरकारच्या स्वस्त एलईडीच्या उजाला योजनेतून घेतलेला. नवे लावताना तो काढलाच नव्हता. उघड्या होल्डरला लटकतोय, चारी बाजूंनी वारा. अजून फडफडत नाही, अंधूक झालेला नाही.

वडिलांना विचारून ओटीवरचा गोळा उतरवला. त्यांना ते जड गेलं, पण तयार झाले. त्याच जागी त्याच कंपनीचा १२ वॅटचा नवा बल्ब उघडाच लावला. आता ८ महिने झाले, चालू आहे. परवा दिवेलागणीनंतर तासाभराने मानेला बोट लावून पाहिलं. कोमट होती, बोट ठेवता येत होतं.