एकच पाथ, वेगवेगळी मशीन: @सिस, ऑटोएफएस की रॅपर स्क्रिप्ट?

सामायिक फाइल सिस्टिमला इंटेल लिनक्स, आर्म लिनक्स आणि मॅक अशी तऱ्हेतऱ्हेची मशीन जोडलेली असली, की प्रत्येकासाठी प्रोग्रॅमचा बिल्ड (त्या प्रकारच्या मशीनसाठी तयार केलेली आवृत्ती) वेगळा ठेवावा लागतो आणि पाथ मात्र सर्वांना एकच हवा असतो. त्यासाठीच्या तीन पद्धतींतला कळीचा फरक म्हणजे नेमकी डिरेक्टरी केव्हा ठरते, हा होय.

एएफएस या नेटवर्कवरच्या सामायिक फाइल सिस्टिममध्ये ती पाथ शोधतानाच ठरते. पाथमधल्या ‘@सिस’च्या जागी क्लायंटचा कॅशे मॅनेजर (वापरकर्त्याच्या मशीनवरचा एएफएसचा प्रोग्रॅम) त्या मशीनचे सिसनेम, म्हणजे मशीनचा प्रकार सांगणारे नाव, उदाहरणार्थ ‘एएमडी६४_लिनक्स२६’, घालतो. ओपनएएफएस या एएफएसच्या मुक्त आवृत्तीत ‘एफएस सिसनेम’ या कमांडने अशा नावांची यादीच देता येते. पहिल्या नावाची डिरेक्टरी नसेल तर पुढचे नाव पाहिले जाते आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ इथेच आहे. मात्र पहिल्या नावाची डिरेक्टरी सापडली आणि तीत हवी ती फाइल नसली, तर शोध मागे वळत नाही. म्हणून ‘@सिस’ हे संपूर्ण झाडाच्या मुळाशी न ठेवता प्रत्येक पॅकेजच्या डिरेक्टरीत ठेवावे, म्हणजे ज्याचा खास बिल्ड नाही ते पॅकेज सर्वसाधारण नावावरून मिळत राहते. इन्स्टॉल करताना मात्र सिसनेम पूर्ण लिहावे, कारण ‘@सिस’ लिहिल्यास फाइली ज्या मशीनवर बसून काम चालले आहे त्याच्याच डिरेक्टरीत जातात.

एनएफएस ही दुसरी सामायिक फाइल सिस्टिम असेल तर लिनक्सच्या ऑटोएफएसमध्ये (गरज पडताच डिरेक्टरी आपोआप जोडणाऱ्या सेवेत) मॅप, म्हणजे कोणत्या पाथवर काय जोडायचे याची यादी, लिहिताना ‘$आर्च’ हे मशीनच्या आर्किटेक्चरचे व्हेरिएबल वापरता येते. निवड डिरेक्टरी माउंट होताना, म्हणजे जोडली जाताना, एकदाच होते आणि सिसनेमच्या यादीसारखा पर्यायी क्रम त्यात आपोआप मिळत नाही. पण संपूर्ण झाड आर्किटेक्चरनुसार वेगळे असेल तर एवढे पुरते.

रॅपर स्क्रिप्ट, म्हणजे मशीन ओळखून योग्य बिल्ड चालवणारी छोटी स्क्रिप्ट, कोणत्याही फाइल सिस्टिमवर चालते, मात्र मशीनचा प्रकार सांगणाऱ्या ‘यूनेम -एम’ या कमांडवर डोळे झाकून विसंबू नये. एकाच जातीच्या ६४-बिट आर्म प्रोसेसरला लिनक्स ‘एआर्च६४’ म्हणतो, तर मॅक ‘आर्म६४’. आणि ६४-बिट कर्नलवरच्या ३२-बिट कंटेनरमध्ये उत्तर सहसा ६४-बिटचेच येते. शिवाय प्रत्येक प्रोग्रॅममागे एक स्क्रिप्ट सांभाळत बसावे लागते.

एएफएस आधीपासून असेल तर ‘@सिस’च घ्यावे, पण केवळ त्यासाठी एएफएस उभारू नये. एनएफएसवर ऑटोएफएस बरे. एकाच मशीनवर दोन वापरकर्त्यांना वेगवेगळे बिल्ड हवे असतील, तेव्हाच रॅपरकडे वळावे.