फोर्ज्डचे पैसे, साधं ओव्हरसाइज किट

रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा-पेट्रोल किती आवळतो ते) वाढवून घ्यायचं कुणाच्या डोक्यात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे 62 हजार नुसते पिस्टन-रिंगांचे गेले, मशीनिंग आणि मजुरी वेगळी. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

गाडी जुनी, 1298 सीसीची पेट्रोल, डिस्ट्रिब्युटरवाली, कागदावर 85 हॉर्सपॉवर. ऑइल खायला लागली होती, म्हणजे इंजिन उघडणं आलंच. उघडतोयच तर पिस्टन जरा वरच्या दर्जाचे, म्हणजे फोर्ज्ड (ओतीव नव्हे, दाबून घडवलेले) टाकू, असं ठरवलं. पुण्यात इंजिनावर बोलणारा माणूस शोधावा लागत नाही. एआरएआय टेकडीवर सकाळी फिरायला गेलं तरी दोन-तीन भेटतात, न विचारता सल्ला देणारे. त्यातल्याच एकाने पिंपरीकडच्या या ट्यूनरचा नंबर दिला.

हा माणूस फेकाफेकी करणारा वाटला नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. त्याचं बहुतेक बोलणं खरं होतं. कॉम्प्रेशन वाढलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं, हे खरं. पंपावर आता ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉलमुळे त्याचा ऑक्टेन (अवेळी न भडकण्याची ताकद) जुन्या 91 च्या वर असतो, हेही खरं. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या भोकात) फट जास्त ठेवावी लागते आणि सकाळी थंड इंजिन थोडं खडखडतं, हेसुद्धा शंभर टक्के खरं. हे शेवटचं वाक्य त्याने आधीच का पेरून ठेवलं होतं, ते नंतर उमगलं.

थाप होती ती आकड्याची. फोर्ज्ड पिस्टन टाकून कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) 10.5 करतो आणि 85 चे शंभरच्या वर नेतो म्हणाला. रेशो 9 वरून 10.5 वर नेला तर नुसत्या गणिताने कार्यक्षमता चार टक्क्यांच्या आसपास वाढते. म्हणजे तीन-साडेतीन हॉर्सपॉवर, तीही सगळं जुळून आलं तर. नुसत्या पिस्टनवर कुणी पंधरा हॉर्सपॉवर वाढवून देतो म्हणाला, तर तिथूनच चहा पिऊन निघा.

गाडी ताब्यात देताना त्याने सिलिंडरमधला दाब मोजणारा गेज लावून दाखवला. पोऱ्याने प्लग काढला, ऑइलच्या कॅनमधून प्लगच्या भोकात दोन पिचकाऱ्या मारल्या ("रिंगा कोरड्या नकोत, काका"), गेज पिळला आणि स्टार्टर मारला. काटा 180 पीएसआयला जाऊन थांबला. मग मोबाइलचा कॅल्क्युलेटर माझ्यापुढे धरून, "180 भागिले 14.7 करा. बारा आले ना? साडेदहा सांगितले होते, बारा दिले!"

14.7 म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, पण हा भागाकार साफ चुकीचा आहे. दाबलेली हवा तापते, त्यामुळे दाब रेशोच्या प्रमाणापेक्षा जास्त चढतो. उलट इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावरही थोडा वेळ उघडा असतो, त्यामुळे तो कमीही होतो. वरून ऑइल घातलं की रिंगांची गळती तात्पुरती बुजते आणि काटा आणखी चढतो. 9 रेशोचं धडधाकट इंजिनही 180 च्या आसपास दाखवू शकतं. गेज इंजिनाची तब्येत सांगतो, रेशो सांगत नाही.

सुरुवातीला पिकअप मात्र खरंच वाढलेला जाणवला. मग कात्रजच्या चढाला, चार माणसं बसलेली असताना, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज सुरू झाला. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल अवेळी भडकणं. सकाळची खडखडही होती. फोन केला की ठरलेलं उत्तर: "फोर्ज्ड आहेत ना काका, आधीच सांगितलं होतं."

शेवटी भोसरी एमआयडीसीतल्या एका जुन्या बोअरिंगवाल्याकडे गाडी नेली. त्यांनी पहिल्यांदा टायमिंग लाइट (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावला. डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग बरंच पुढे केलेलं निघालं. वाढलेला पिकअप तिथला, आणि नॉकिंगही तिथलंच. मग एक पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून, प्लगचं भोक सगळ्यात वर येईल अशी गाडी तिरकी करून, सिरिंजने मोजून पातळ ऑइल भरलं. 39 सीसीला भरलं. माझा बोअर 74 चा 74.5 झालेला, स्ट्रोक 75.5, म्हणजे एका सिलिंडरचे 329 सीसी. साडेदहा रेशोला वर साडेचौतीस सीसीच जागा उरायला हवी होती. 39 म्हणजे रेशो कसाबसा 9.4.

हेड उतरवल्यावर उरलंसुरलं कळलं. पिस्टनचा माथा सपाट, त्यावर "050" चा ठसा. म्हणजे अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइजचं (बोअर मोठा केल्यावर बसणारं) साधं किट, नाना पेठेत काही हजारांत मिळतं ते. एक पिस्टन बाहेर काढून उलटा केला तर आत साच्याची शिवण आणि ओतताना बसवलेली पोलादी पट्टी स्पष्ट दिसत होती. फोर्ज्ड पिस्टनला ती पट्टी नसते. रेशो वाढला तो हेड घासून. आणि खडखड? साध्या पिस्टनला न शोभणारी फट, कारण बोअर ढिला मारला होता.

जाब विचारायला गेलो तर आधी "सप्लायरने मला फसवलं", मग "दहा हजार घ्या आणि विषय संपवा", आणि शेवटी "मॉडिफिकेशन बेकायदा असतं काका, तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल." या धमकीला बरेच जण गप्प बसत असणार. मागितला एक माल, बसवला दुसरा, हा ग्राहकाच्या फसवणुकीचा सरळ विषय आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून चौकशीही करता येते.

हे काम करून घ्यायचंच असेल, तर पिस्टन बसवण्याआधी हातात घेऊन उलटे करून बघा, फोटो काढा. सोबत बनवणाऱ्याचं कार्ड असतं, त्यावर माथ्याचे सीसी, पिनची उंची आणि बोअरमध्ये किती फट ठेवायची ते छापलेलं असतं. कार्ड हरवलं म्हणाला तर पिस्टनही हरवलेत असं समजा. पिस्टन कोणत्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा ते विचारा: 4032 मध्ये सिलिकॉन 12 टक्क्यांच्या आसपास असतं, तो कमी फुगतो, फट कमी लागते, रोजच्या गाडीला तोच बरा. 2618 जास्त मार सोसतो, पण तो रेसवाल्यांचा. बिलावर "हाय कॉम्प्रेशन पिस्टन" असं मोघम नको. जोडणी झाल्यावर टीडीसीला किती सीसी भरले पाहिजेत तो आकडा लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता तुमच्यासमोर मोजल्यावरच द्या. जुने पिस्टन परत मागा. माझे भंगारात गेले म्हणतो.

मी यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचं त्याचं "फोर्ज्ड 10.5" आणि भोसरीच्या मोजमापाचा कागद जोडून तक्रार दाखल केली आहे. टायमिंग मूळ खुणेवर आणल्यापासून नॉकिंग बंद आहे, सकाळची खडखड आहेच. पुन्हा बोअर मारायचा तर आता 1.00 चं (एक मिलिमीटर ओव्हरसाइज) किट लागेल, आणि आयोगाचा निकाल लागेपर्यंत इंजिन उघडायचं नाही असं वकिलांनी बजावलंय.