ताईचा हिस्सा, खरेदीखत आणि जळगावातील एक सीए कार्यालय

जळगावातील आमचे घर आम्ही जानेवारी २०२५ मध्ये १ कोटी १० लाख रुपयांना विकले. घर वडिलांनी बांधलेले होते आणि त्यांच्या पश्चात ते माझ्या व ताईच्या नावावर निम्मे-निम्मे लागले होते. ताई गेली चौदा वर्षे जर्मनीत राहते. तिच्या हिश्श्यावरील भांडवली नफा कराचे सगळे काम शहरातील एका सीए कार्यालयाने केले, त्या कामाबद्दल मी हे लिहीत आहे. सनदी लेखापालांवर जाहिरातीची बंधने असतात आणि त्यांनी स्वतःही नाव लिहू नका असे सांगितले, म्हणून नाव देत नाही. मात्र खान्देशातून परदेशी गेलेल्या मुलामुलींच्या नावावर मागे राहिलेली घरे आणि प्लॉट आज इतके आहेत, की हे काम कसे व्हायला हवे याची माहिती अनेकांच्या उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

व्यवहार ठरला तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका सल्लागाराने खरेदीदाराला १ टक्का टीडीएस (विक्रीच्या रकमेतून आधीच कापून सरकारला भरायचा कर) कापून मोकळे व्हा, असे सांगून टाकले होते. तो नियम विकणारा भारतात राहणारा असेल तरच लागू होतो. विकणारा अनिवासी, म्हणजे परदेशात राहणारा, असेल तर १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम १९५ लागत होते (या लेखातील कलमे आणि फॉर्मचे क्रमांक त्याच कायद्यातले, व्यवहाराच्या वेळचे आहेत), तेथे १ टक्क्याच्या नियमातली ५० लाखांची मर्यादा नव्हती, आणि खरेदीदाराने कमी कर कापला तर आयकर खाते त्याच्याकडूनच वसुली करते. आमचे खरेदीदार भुसावळचे एक शिक्षक होते आणि त्यांनी घरासाठी बँकेचे कर्ज काढले होते. पहिल्याच भेटीत सीए साहेबांनी त्यांना समोर बसवून सांगितले, “सर, ताईंच्या हिश्श्याचा कर कमी कापला गेला तर नोटीस तुमच्या नावावर येईल, ताईंच्या नाही.” आमच्याकडून फी घेणाऱ्या माणसाने समोरच्या पक्षाचाही धोका इतक्या स्पष्टपणे सांगावा, याचे मला फार समाधान वाटले. त्यांनी विसाराची रक्कमही ताईच्या खात्यात घेऊ दिली नाही, कारण त्या रकमेवरसुद्धा कपात करावी लागते.

खरेदीदाराने कर नेमक्या किती रकमेवर कापायचा, हा खरा प्रश्न होता. कर नफ्यावर लागतो, पण नफा किती हे खरेदीदार ठरवू शकत नाही, म्हणून व्यवहारात बहुतेक जण पूर्ण किमतीवर कपात करतात. ताईच्या ५५ लाखांवर १२.५ टक्के कर, ५० लाखांच्या पुढे गेल्यामुळे १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून १४.३ टक्के, म्हणजे ७ लाख ८६ हजार ५०० रुपये कापले गेले असते. प्रत्यक्षात तिच्या हिश्श्याचा प्लॉट व बांधकामाचा खर्च २० लाख, नफा ३५ लाख आणि उपकरासह कर ४ लाख ५५ हजार होता. वरचे ३ लाख ३१ हजार ५०० रुपये विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत सरकारजमा राहिले असते. हे टाळण्यासाठी कलम १९७ खाली कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळत असे आणि त्यासाठी फॉर्म १३ ऑनलाइन भरावा लागत असे. हे प्रमाणपत्र ठरावीक खरेदीदाराच्या टॅनवर (कर कापणाऱ्याला मिळणाऱ्या क्रमांकावर) निघत असे, त्यामुळे शिक्षकांना आधी टॅन काढायला लावले. ताईचे पॅन आधारशी जोडलेले नसल्यामुळे निष्क्रिय झाले होते, ते तिची अनिवासी म्हणून नोंद करून सुरू करून घेतले, आणि तिचे जुने बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या, खात्यात बदलून घेतले. प्रमाणपत्र यायला पाच आठवडे लागले. या काळात खरेदीखत उरकून टाकण्याची घाई आम्हा सगळ्यांनाच झाली होती, पण कागद हातात आल्याशिवाय दुय्यम निबंधकांकडे जायचे नाही, यावर कार्यालय शेवटपर्यंत ठाम राहिले.

वडिलांनी २००९-१० मध्ये प्लॉट २२ लाखांना घेतला आणि २०१२-१३ मध्ये घर बांधले. त्यांनी बांधकामाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. कार्यालयातील एका मुलीने संपूर्ण दुपार त्या पावत्या टेबलावर पसरून लावल्या. सळईच्या एका बिलावर वडिलांनी पेन्सिलीने ‘दुसरा स्लॅब’ असे लिहिलेले होते, ते तिने महापालिकेच्या परवानगीच्या नकाशाशी आणि वडिलांच्या पासबुकातील नोंदीशी ताडून पाहिले. आमच्या हिशेबाने बांधकामाला साडेएकोणीस लाख लागले होते, पण कागदोपत्री १८ लाखच जुळले आणि वरचे दीड लाख त्यांनी सरळ वगळले. त्या वेळी मला ते थोडे लागले. अधिकाऱ्याने अर्जावर एकही शंका काढली नाही तेव्हा त्यांचे म्हणणे पटले.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही पचवायला जड गेली. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के झाला आणि महागाई निर्देशांकाचा लाभ, म्हणजे जुना खर्च महागाईप्रमाणे वाढवून धरण्याची सोय, गेला. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी व घरासाठी निर्देशांकासह २० टक्क्यांच्या हिशेबाने कर कमी येत असेल तर तेवढाच भरण्याची सवलत निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना आहे, अनिवासींना नाही. निर्देशांक लावल्यावर माझ्या हिश्श्याचा खर्च सुमारे ४३ लाख ३१ हजार झाला आणि कर सुमारे २ लाख ४३ हजार आला. घर तेच, वडील तेच, हिस्साही सारखाच, तरी ताईचा कर माझ्यापेक्षा दोन लाखांहून अधिक. सीए साहेबांनी व्हिडिओ कॉलवर दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवून ताईला हे समजावले, तिच्या पासपोर्टवरील शिक्के पाहून त्या वर्षीचे भारतातील दिवस मोजले (ते ४१ भरले) आणि ती त्या वर्षी अनिवासीच ठरते हे कागदावर मांडून दाखवले. नफ्याची रक्कम ६ महिन्यांच्या आत कलम ५४ईसीच्या रोख्यांत गुंतवली तर कर वाचतो, पण पैसे ५ वर्षे अडकतात, हेही सांगितले. ताईला तिकडे घर घ्यायचे असल्यामुळे तिने तो मार्ग घेतला नाही. भारतातील स्थावर मालमत्तेच्या नफ्यावर भारत कर लावू शकतो, हे जर्मनीबरोबरच्या करारात असल्याचे त्यांनी सांगितले, मात्र तिकडच्या विवरणपत्राबद्दल आपल्याला माहिती नाही, तेथील सल्लागाराला विचारा, असे स्वच्छ सांगून टाकले.

रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या शेताचा विषय ओघाने निघाला. ते शेत कोणत्याही नगरपालिकेच्या हद्दीपासून पुरेसे दूर असल्यामुळे ती ग्रामीण शेतजमीन ठरते, भांडवली मालमत्ता ठरत नाही, आणि ती विकल्यास हा कर लागत नाही. जळगाव शहराच्या बाबतीत हे अंतर हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटर धरले जाते, लहान नगरपालिकांच्या बाबतीत २ किलोमीटर. शहराभोवती ज्यांची शेती आहे त्यांनी विक्रीचा विचार करण्यापूर्वी हे अंतर मोजून घ्यावे.

तक्रारीही आहेत. पैसे जर्मनीला पाठवताना फॉर्म १५सीए (पाठवणाऱ्याने आयकर खात्याला द्यायची माहिती) आणि सीएचे १५सीबी प्रमाणपत्र लागत होते, हे आम्हाला माहीत होते. पण वडिलांचे मूळ खरेदीखत आणि वारसाचे कागदही बँक मागेल, हे कार्यालयाने आधी सांगितले नाही आणि त्यात तीन आठवडे गेले. १५सीबीची ७ हजार रुपये फी ठरलेल्या ३५ हजारांत धरलेली नव्हती, तेही शेवटी कळले. इतके पैसे त्या कामाला योग्यच आहेत, पण सुरुवातीलाच एका कागदावर लिहून द्यायला हवे होते. विवरणपत्रांच्या हंगामात फोन उचलला जात नाही. प्रत्यक्ष गेल्यावर मात्र काम थांबत नाही.

कोणत्याही कार्यालयात या कामासाठी जाताना मूळ खरेदीखत, वारस नोंद, बांधकामाच्या पावत्या, पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती आणि खरेदीदाराचे पॅन बरोबर न्यावे. कमी कपातीचे प्रमाणपत्र साधारण त्याच आर्थिक वर्षापुरते, म्हणजे ३१ मार्चपर्यंत चालते, त्यामुळे फेब्रुवारीत व्यवहार ठरवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी अर्जाची तारीख विचारून घ्यावी.