इंग्रजी, जर्मन की जपानी: नागपूरच्या मराठी माणसाला कोणती किती जड जाते

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवते. तिचं आठवड्यांचं कोष्टक सगळीकडे फिरत असतं: फ्रेंच 30 आठवडे, जर्मन 36, हिंदी 44, जपानी 88. क्लास निवडताना बरेच जण हेच समोर ठेवतात, पण ते इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी केलेलं आहे. त्यात जर्मनपेक्षा अवघड ठरलेली हिंदी नागपुरात पोरं शाळेत जायच्या आधीच बोलतात. आपल्याला कोणती भाषा किती जड जाईल, हे आपण मराठीतून काय घेऊन निघतो त्यावर ठरतं.

आधी इंग्रजी. तिचं क्रियापद मराठीच्या मानाने फारच हलकं आहे. जातो, जाते, जातोस, जाता, जातात एवढ्या सगळ्यांना तिथे ‘गो’ आणि ‘गोज’ पुरतात. ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले’ ही कर्माप्रमाणे बदलणारी कसरत तिथे नाही, सगळ्याला ‘एट’. टेबल तो, ती की ते, हा प्रश्नही नाही. म्हणून पहिले तीन महिने इंग्रजी सोपी वाटते. ती अडते त्यानंतर, आणि अडते ती उच्चारात.

अक्षरं 26, ध्वनी साधारण 44. छापखाना 1476 मध्ये इंग्लंडात आला आणि स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. बोलण्यातले स्वर मात्र पुढची दोनेकशे वर्षं सरकतच राहिले. म्हणून ओ-यू-जी-एच ही एकच चौकडी ‘दो’मध्ये एक, ‘थ्रू’मध्ये दुसरी, ‘टफ’मध्ये तिसरी आणि ‘कॉफ’मध्ये चौथी वाजते. देवनागरीत लिहिलं तसं वाचायची सवय असलेल्याला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते खरंच तसं आहे. नियम शोधत बसू नका. शब्द पाठ करताना आवाज आधी ऐका, स्पेलिंग नंतर बघा.

दुसरी अडचण आघाताची. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर जातो आणि बाकीचे स्वर इतके दबतात की शब्द ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो. व्याकरण पक्कं असूनही समोरचा ‘पार्डन?’ म्हणतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. ‘व’चंही तसंच. ‘वाईन’साठी ओठ गोल करायचे, ‘व्हॅन’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. मराठीने लेखनात ‘व’ आणि ‘व्ह’ वेगळे ठेवलेत, ते बोलतानाही वेगळे ठेवा, म्हणजे अर्धं काम झालं.

एक चूक खास आपल्या भागातली. आपण ‘तो येऊन राहिला’ म्हणतो, तिथे इंग्रजीचा चालू काळ नेमका बसतो: ‘ही इज कमिंग’. पण आपण ‘मला समजून नाही राहिलं’ असंही म्हणतो, आणि त्यावरून तोंडात येतं ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’. समजणं, वाटणं, माहीत असणं, आवडणं अशा मनातल्या स्थितींना इंग्रजी सहसा साधा काळ लावते: ‘आय डोन्ट अंडरस्टँड’. बारा-पंधरा क्रियापदांची यादी भिंतीवर लावली तरी ही चूक महिन्याभरात आटोक्यात येते. ‘अ’ आणि ‘द’ मात्र वर्षानुवर्षं चुकत राहतात, कारण मराठीत त्यांच्या जागी काहीच नाही. त्यासाठी परीक्षेचे गुण जात असले तरी बोलणं थांबवू नका.

राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. बारावी झालेल्याला ती बारा वर्षं दिसलेली असते, पण तोंडातून क्वचितच निघालेली असते. जर्मनच्या क्लासात तीन महिन्यांत बोलायला लावतात, मग वाटतं की जर्मनच सोपी. हा फरक बराचसा शिकवण्याचा आहे.

तरी जर्मनमध्ये आपल्या ओळखीचं पुष्कळ आहे. तीन लिंगं, तू आणि तुम्ही, आणि लिहिलं तसं बऱ्यापैकी वाचता येणारं स्पेलिंग. एकवीसला जर्मन माणूसही आधी एक म्हणतो, मग वीस. ‘कारण मी नागपुरात राहतो’ हे ‘वाइल इश इन नागपूर वोने’ होतं, म्हणजे क्रियापद आपल्यासारखं शेवटी. इंग्रज विद्यार्थ्याला इथे घाम फुटतो.

जड जातं ते लिंग जुळत नाही म्हणून. सूर्य तिथे स्त्रीलिंगी, आपलं नपुंसक टेबल तिथे पुल्लिंगी. म्हणून नाम कधीच एकटं पाठ करू नये, ‘टिश’ नव्हे, ‘देअर टिश’. शेवटी ‘उंग’ आलं तर स्त्रीलिंग, लहानपण दाखवणारा ‘शेन’ आला तर नपुंसक, अशा खुणा वीसेक नीट लक्षात ठेवल्या की बराच भार उतरतो. पुढची चूक द्वितीयेची. मराठीत ‘मुलाला बघतो’ म्हणताना ‘ला’ येतो, पण ‘टेबल बघतो’मध्ये काहीच येत नाही. जर्मनमध्ये निर्जीव पुल्लिंगी वस्तूलाही ‘देअर’चं ‘देन’ करावं लागतं, आणि आपल्याला ते सुचतच नाही. तुटणारी क्रियापदंही तशीच: ‘आनरूफेन’ म्हणजे फोन करणं, त्यातलं ‘आन’ वाक्याच्या टोकाला जातं आणि पहिले सहा महिने तिथे जाईपर्यंत आपण ते विसरतो.

जर्मन शिकवणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार भागतील अशा मधल्या पायरीपर्यंत, 45 मिनिटांचे 350 ते 650 तास लागतात. रोज घड्याळी एक तास दिला तर नऊ ते सोळा महिने. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तीन-चार महिन्यांत बी-वन करून देण्याच्या जाहिराती दिसतात. रोज एक तास देऊन ते होत नाही, दिवसाचे चार तास दिले तर होऊ शकतं.

फ्रेंचचं थोडक्यात: शेवटची अक्षरं मुकी, नाकातले स्वर नवे, आणि ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात, जे ‘चार विसा’ ऐकलेल्या घरात पटकन कळेल. नागपुरातून नोकरीसाठी शिकायची असेल तर आम्ही तिला तिसऱ्या क्रमांकावर ठेवू.

जपानीत बोलणं आणि वाचणं या जणू दोन वेगळ्या भाषा आहेत. ‘वाताशि-वा नागुपुरु-कारा किमाशिता’ म्हणजे ‘मी नागपूर-हून आलो’. क्रम तोच, ‘हून’ची जागा तीच, क्रियापद शेवटी. ‘किमाशिता’ आलो, आली, आले या सगळ्यांना चालतं. स्वर पाच, आणि त्यांच्या अक्षरमालेचा क्रमही संस्कृत परंपरेच्या वळणाचा. एकच जपायचं, ऱ्हस्व-दीर्घ: ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी.

मग येतो कागद. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमालांची 46-46 अक्षरं, आणि नित्य वापराच्या अधिकृत यादीत 2,136 कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं. रोज तीन घेतल्या तरी दोन वर्षं, तीही उजळणी न चुकवता. एकाच कांजीचे दोन-तीन उच्चार, शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. बोलता येऊ लागलं म्हणून जपानी सोपी म्हणणारे इथेच थबकतात.

निवडताना परीक्षा काय मागते तेही बघा. इंग्रजीच्या आयेल्ट्स परीक्षेत 11 ते 14 मिनिटं समोरासमोर बोलावं लागतं आणि उच्चारालाही गुण असतात, म्हणजे आपली दुखरी जागाच तपासली जाते. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या जपानीच्या जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही. मराठी माणसाची जमेची बाजू तिथे मोजलीच जात नाही, वाचन आणि ऐकणं यावर सगळं उभं असतं. एन-फाइव्हचा, म्हणजे तिच्या सगळ्यात सोप्या पायरीचा, फॉर्म भरण्याआधी एक महिना फक्त हिरागाना आणि रोज दोन कांजी करून बघा, टिकलं तरच फी भरा. जर्मनच्या गटे बी-वनचे चार भाग असतात, प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात, आणि एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो.